समुद्र, विज्ञान आणि कायदे: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजात समुद्रावर बोलायला जाते आणि घरी येईपर्यंत फोनवर प्रश्न येऊन पडलेले असतात. पोरं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, मासे विकणाऱ्या मावशीसुद्धा विचारतात आणि बघायला गेलं तर तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एका जागी उत्तरं लिहून ठेवलीत. सुरुवात सोप्यापासून आहे, पुढं अवघड होत जातं. एकदा सांगितलेलं परत लिहिलेलं नाही, तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. कोल्हापूरला समुद्र कुठाय? मग आम्ही हे कशाला वाचायचं?

गगनबावड्याला करूळ घाटाच्या तोंडाशी उभं राहून बघा. घाटाच्या पलीकडं पडलेला पावसाचा थेंब कोकणातनं थेट अरबी समुद्रात जातो. अलीकडं चार पावलांवर पडलेला थेंब कुंभीत, तिथनं पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र एवढं सगळं ओलांडून हंसलादीवीजवळ बंगालच्या उपसागरात. म्हणजे आपलं सांडपाणी एका समुद्राला जातं, आपल्या ताटातला मासा मालवण-रत्नागिरीकडनं दुसऱ्या समुद्रातनं येतो आणि २०१९ ला, २०२१ ला ज्या पावसानं आपल्याला बुडवलं त्याची वाफ पण त्याच अरबी समुद्रावरनं आलेली. समुद्र दिसत नाही एवढंच, संबंध रोजचा आहे.

२. सागरी पर्यावरण धोरण म्हणजे नेमकं काय? एकच कायदा आहे का?

एक नाही, थर आहेत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हे आपलं प्रादेशिक पाणी. यात मासेमारीचे नियम राज्य सरकार करतं, महाराष्ट्राचा त्यासाठी १९८१ चा कायदा आहे. त्यापुढं २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटर, केंद्राचा अधिकार. त्याच्याही पुढचा समुद्र कुणाचाच नाही, तिथं देशादेशांतले करार चालतात (प्रश्न १७). आणि किनाऱ्यावरच्या जमिनीसाठी वेगळं सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगत कुठं काय बांधायचं याचे नियम, त्याचं प्रश्न ११ मध्ये बघा. समुद्राला मात्र या रेषा माहीत नाहीत, मासा आज राज्याचा असतो आणि उद्या केंद्राचा, निम्मी भांडणं त्यातनंच होतात.

३. यात विज्ञानाचं काम काय? शास्त्रज्ञच कायदा करतात का?

नाही. शास्त्रज्ञ सांगतो की एवढे मासे काढले तर पाच वर्षांनी काय उरेल, किंवा हे रसायन पाण्यात सोडलं तर फिरून कुणाच्या पोटात जाईल. एवढं नुकसान आपल्याला चालतंय का आणि त्याची झळ कुणी सोसायची, हा पुढचा प्रश्न मात्र मत देणाऱ्या माणसांचा, म्हणजे तुमचा-माझा, आमदार-खासदारांचा, मच्छिमार सोसायटीचा. हे दोन प्रश्न एकात मिसळले की गोंधळ होतो. आपली मर्जी असलेली गोष्ट लोक विज्ञानाच्या नावावर खपवतात, नाहीतर उलटं, मोजून आलेला आकडा नको वाटला म्हणून तो राजकारण आहे म्हणतात.

तरी कायदा विज्ञानाला विचारायला बांधलेला आहे. १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात कलम ६१ आहे, त्यात किनारी देशानं मासेसाठा राखताना उपलब्ध असलेला उत्तम वैज्ञानिक पुरावा विचारात घ्यावा असं लिहिलंय. त्यातला ‘उपलब्ध’ हा शब्द लक्षात ठेवा, त्यांनी ‘संपूर्ण’ असं लिहिलेलं नाही. आपल्याकडं हा पुरावा गोळा करणाऱ्या मोठ्या संस्था म्हणजे समुद्री माशांवर संशोधन करणारी कोचीची सीएमएफआरआय, १९४७ पासूनची, समुद्रविज्ञानाची गोव्यात दोना पावलाला असलेली एनआयओ, १९६६ पासूनची, आणि समुद्राची माहिती-इशारे देणारी हैदराबादची इन्कॉइस.

४. बारका बांगडा पकडायचा नाही म्हणे. हे माप कुणी ठरवलं, कसं ठरवलं?

मी बाजाराच्या पिशवीत शाळेतली १५ सेंटिमीटरची पट्टी ठेवते. बांगड्याचं किमान माप १४ सेंटिमीटर आहे, म्हणजे ती पट्टी माशाशेजारी ठेवली की एका नजरेत कळतं. पहिल्यांदा पट्टी काढली तेव्हा मावशी म्हणाल्या, "ओ ताई, बांगडा हाय त्यो, सोनं न्हवं." मग त्यांनी स्वतःच एकेक उचलून लावायला सुरुवात केली, आणि वाट्यात सात बांगडे होते त्यातले दोन कमी भरले.

आता १४ च का. तुम्ही घरी मासे साफ करताना कधी गाबोळी सापडते, कधी नाही. सीएमएफआरआयची माणसं बंदरावर जाऊन हेच करतात, फक्त हजारोंनी आणि वर्षानुवर्षं. मासा मोजायचा, वजन करायचं, पोट कापून आतली गाबोळी तयार आहे का कोवळी आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. असं करत करत एक लांबी सापडते की तिथनं मासे पहिल्यांदा अंडी घालायला तयार होऊ लागतात. त्या लांबीच्या आसपास किमान माप ठरतं. त्याच्या खालचा मासा काढला म्हणजे एकदाही पिल्लं न देता गेला, बियाणंच खाल्लं म्हणायचं. ऊस लावणाऱ्या माणसाला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही, बेण्याचा ऊस कुणी कारखान्याला घालत नाही.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये अशा ५४ जातींची मापं लागू केली, त्यात पापलेट १३.५ सेंटिमीटर. पापलेट त्याच वर्षी राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला. मला विचाराल तर हा आपल्याकडचा विज्ञानातनं धोरण झाल्याचा सगळ्यात सरळ नमुना आहे, कारण यात मोजमाप, कारण आणि नियम तिन्ही साध्या माणसाला हातात धरून दाखवता येतात. अवघड पुढंच आहे, जाळ्याचं भोक बारीक असेल तर मासा वर आल्यावर पट्टी लावून उपयोग काय, तो मेलेलाच असतो. म्हणून ट्रॉलरच्या, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या बोटीच्या, जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस, म्हणजे भोक, ठेवा असं शास्त्रज्ञ सांगतात आणि खरी लढाई तिथं आहे.

५. जून-जुलैची मासेमारी बंदी शास्त्रीय आहे का समुद्र खवळलेला असतो म्हणून?

दोन्ही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. बरेच मासे पावसाळ्याच्या आसपास अंडी घालतात हे खरं, पण सगळे नाही, काही जाती वर्षभर घालतात, म्हणून "सगळ्या माशांचा विणीचा हंगाम" हे वाक्य जरा ढिलं आहे. बंदीचा पक्का फायदा म्हणजे दोन महिने जाळी पाण्याबाहेर राहतात, एकूण उपसा कमी होतो. कोळी लोक नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात जायचे, ती रीत सरकारी आदेशाच्या कितीतरी आधीची आहे.

६. शास्त्रज्ञ नेहमी "शक्यता आहे" म्हणतात. पक्कं माहीत नसताना बंदी कशी घालायची?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि याचं उत्तर कोल्हापूरकराला आधीच माहीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ ला आलं म्हणजे पूर येणारच असं नाही, कितीतरी वेळा तिथनं उतरतं. तरी चिखलीची, आंबेवाडीची माणसं जनावरं सोडवायला घेतात, कारण ४३ ला पक्कं कळेल पण तेव्हा गोठ्यात गुडघाभर पाणी असेल. आधी हलण्याचा खर्च परवडतो, उशिरा हलण्याचा नाही.

यालाच धोरणात सावधगिरीचं तत्त्व म्हणतात. १९९२ च्या रिओ परिषदेतल्या जाहीरनाम्यात हे १५ वं तत्त्व आहे, की गंभीर किंवा भरून न येणाऱ्या नुकसानीची भीती असेल तर वैज्ञानिक खात्री पूर्ण नाही हे कारण देऊन उपाय पुढं ढकलू नयेत. १९९६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात हे तत्त्व भारताच्या कायद्याचा भाग आहे असं सांगितलं. ‘शक्यता आहे’ म्हणणारा शास्त्रज्ञ कच्चा आहे असं समजू नका, तो तुम्हाला इशारा पातळी सांगतोय.

७. मग विज्ञान चुकतच नाही का?

चुकतं, आणि चुकलं की गावंच्या गावं उठतात. कॅनडात न्यूफाउंडलंडचा कॉड मासा, पाचशे वर्षं लोक त्यावर जगले. १९८० च्या दशकात तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी साठा भरपूर आहे असा हिशोब मांडला. त्या हिशोबात मोठ्या ट्रॉलर्सच्या पकडीचे आकडे होते, आणि ट्रॉलर तर जिथं मासा गोळा होतो तिथंच जातो, त्याच्याकडं नवीन यंत्रं, त्यामुळं समुद्र रिकामा होत चालला तरी ट्रॉलरची पकड चांगलीच दिसायची. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतनं मासेमारी करणारे ओरडून सांगत होते की मासा कमी आणि बारका येतोय. ते आकड्यात बसत नव्हतं म्हणून बाजूला पडलं. पुढं शास्त्रज्ञांनी हिशोब दुरुस्त करून कोटा बराच कमी करा सांगितलं तर नोकऱ्या जातील म्हणून राजकारण्यांनी थोडाच कमी केला. २ जुलै १९९२ ला मासेमारी पूर्ण बंद करावी लागली, तीस हजारांच्या वर माणसं बेकार झाली आणि दोन वर्षांसाठी म्हणून लावलेली ती बंदी तीस वर्षांवर चालली.

चूक आधी शास्त्रज्ञांची, मग सरकारची, दोन्ही सांगायला पाहिजे. पण चूक सापडली ती पण मोजमापानंच, नव्या सर्व्हेनं. न मोजता चूकसुद्धा कळत नाही.

८. एवढं कळतंय तर कायदे व्हायला इतकी वर्षं का लागतात?

कळतं पण वळत नाही, आपण घरात म्हणतो ते देशांनाही लागू आहे. कळणं आणि वळणं यातल्या मधल्या वर्षांतच खरं नुकसान होतं.

जपानमधलं मिनामाता बघा. १९५६ मध्ये तिथल्या मच्छिमार कुटुंबांतली माणसं लटपटायला लागली, बोलता येईना, त्याआधी घरातली मांजरं झटके येऊन मरत होती. १९५९ पर्यंत तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी बोट ठेवलं होतं, की कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा खाडीतल्या माशांतनं माणसात जातोय. सरकारनं हे मान्य केलं १९६८ ला. मधली नऊ वर्षं लोक तेच मासे खात राहिले, पोटातल्या पोरांपर्यंत पारा गेला. पाऱ्यावरचा जागतिक करार २०१३ ला झाला आणि त्याला मिनामाताचंच नाव आहे.

दुसरं उदाहरण कमी माहीत आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. जहाजाच्या तळाला समुद्रात बारनेकल नावाचे बारके कवचवाले जीव चिकटतात, त्यानं जहाज जड होतं आणि इंधन जास्त लागतं, म्हणून तळाला टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग घातलेला रंग लावायचे. रंग भारी चालायचा. मग १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये आर्काशॉनच्या खाडीत कालवांची पिल्लं धरेनात, मोठ्या कालवांची शिंपली विचित्र जाड व्हायला लागली. खाडीत होड्या भरपूर, त्यामुळं संशय रंगावर गेला आणि फ्रान्सनं १९८२ मध्ये छोट्या होड्यांना हा रंग बंद केला, कालवं हळूहळू सुधारली. तिकडं इंग्लंडात समुद्री गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराचे अवयव उगवलेले दिसले, त्यांची अंडी अडकून त्या मरत होत्या, आणि हे व्हायला लिटरमागं एखादा नॅनोग्रॅम टीबीटी पुरत होतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. इतकं कमी मोजता येणारी यंत्रं नसती तर हे कधी कळलंच नसतं. जगभर बंदीचा करार २००१ ला झाला, लागू झाला २००८ ला. फ्रान्सला कळल्यापासून सव्वीस वर्षं. तरी मी हे यशाचंच उदाहरण मानते, कारण बंदीनंतर बऱ्याच किनाऱ्यांवर त्या गोगलगायी परत आल्या.

९. मच्छिमारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं, ते विज्ञान मानायचं का?

ते ज्ञान आहे आणि शास्त्रज्ञानं ते आधी ऐकून घ्यायलाच पाहिजे, कॉडची गोष्ट (प्रश्न ७) त्यासाठीच सांगितली. फक्त तेही तपासून घ्यावं लागतं, कारण माणसाची आठवण स्वतःच्या तरुणपणापासून सुरू होते आणि आजोबांच्या वेळी किती मासा होता हे नातवाला माहीत नसतं. दोन्ही एकत्र आलं की चांगलं होतं. इन्कॉइस उपग्रहावरनं पाण्याचं तापमान आणि पाण्यातल्या हिरव्या शेवाळकणांचं प्रमाण बघून मासा कुठं मिळेल ते कळवते, आणि जाणता तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, तो निरोप स्वतःच्या वाऱ्या-पाण्याच्या अंदाजाशी ताडून मग बोट काढतो.

१०. ओडिशाचं कासव गुहागरला आलं म्हणतात, खरं आहे का? त्यानं धोरणात काय फरक पडतो?

खरं आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाच्या एका मादीच्या पायाला ०३२३३ नंबरचा धातूचा बिल्ला लावला होता. तीच मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला वाळूत अंडी घालताना सापडली, बिल्ल्यावरचा नंबर वाचूनच ओळख पटली. प्रवास साधारण साडेतीन हजार किलोमीटरचा धरतात. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं तोपर्यंत मानलं जायचं.

फरक असा, की दोन्ही वेगळी असतील तर ओडिशानं ओडिशाचं बघावं, आपण आपलं. एकच असतील तर ओडिशात ट्रॉलरच्या जाळ्यात मेलेली मादी ही आपल्या कोकणातली पण असू शकते, मग दोन्हीकडचे नियम एकमेकांना धरून पाहिजेत. एका कासवावरनं सगळं ठरत नाही हेही खरं, अजून बिल्ले लावावे लागतील आणि ते वाचणारी माणसं किनाऱ्यावर पाहिजेत. आपल्याकडं ती आहेत. वेळासला २००२ पासून गावकरी अंडी राखतायत. आणि जाळ्यात कासव किंवा देवमासा असा संरक्षित प्राणी अडकला तर जाळं कापून सोडणाऱ्या मच्छिमाराला राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, हा मला फार शहाणपणाचा नियम वाटतो, कारण जाळ्याचा खर्च गरिबाच्या डोक्यावर ठेवून प्राणी वाचत नाहीत.

११. तारकर्लीला, देवगडला प्लॉट बघतोय. ५०० मीटर, २०० मीटर, ५० मीटर, यातलं शास्त्रीय अंतर कुठलं?

खरं सांगायचं तर यातला एकही आकडा प्रयोगशाळेतनं आलेला नाही. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवा, त्यावरनं पुढं १९ फेब्रुवारी १९९१ ला पहिली सीआरझेड अधिसूचना आली, मग २०११, मग २०१९. भरतीची रेषा कुठं आहे ते विज्ञान सांगतं, ती चेन्नईच्या संस्थेनं आखलीय. त्या रेषेपासून किती लांब बांधायचं, हा धोरणाचा निर्णय. २०१९ च्या नियमात ग्रामीण भागात लोकसंख्येची घनता २०११ च्या जनगणनेप्रमाणं चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर ५० मीटर, नाहीतर २०० मीटर. समुद्राची लाट जनगणना बघून येत नाही, त्यामुळं दाट वस्तीच्या गावाला धोका कमी असं याचा अर्थ कुणी काढू नये. राहत्या लोकांना घरं बांधता यावीत हा त्यामागचा विचार, तो योग्य का अयोग्य यावर वाद घाला, पण त्याला शास्त्रीय म्हणू नका.

आणि एक अपवाद ज्यात आपली माणसं हमखास फसतात. समुद्र दिसत नाही, प्लॉट खाडीच्या कडेला आहे, एजंट म्हणतो सीआरझेड नाही. खाडीलापण सीआरझेड लागतं, जिथपर्यंत भरतीचं खारं पाणी चढतं तिथपर्यंत. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं टोकन देऊन टाकलं आणि नंतर नकाशा बघितला. टोकनाच्या आधी किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा गट नंबरासकट बघून घ्या.

१२. प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल कंपनीच पैसे देऊन करून घेते. मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

शंका रास्त आहे. २००६ च्या नियमाप्रमाणं प्रकल्पवालाच सल्लागार नेमतो आणि त्याचे पैसे देतो. सल्लागार मान्यताप्राप्त असावा लागतो, वर तज्ज्ञ समिती तपासते, जनसुनावणी असते, तरी मूळ अडचण राहतेच. मी स्वतः मानते की हा पैसा एखाद्या त्रयस्थ यंत्रणेमार्फत जायला पाहिजे.

तोपर्यंत अहवाल हातात आला की मी सगळ्यात आधी तारखा बघते. नमुने कुठल्या महिन्यात घेतले? एका बंदराच्या प्रकल्पाचा अहवाल वाचला होता, त्यात पाण्याचे, गाळाचे, माशांचे सगळे नमुने उन्हाळ्यातले होते, एकाच हंगामातले. खाडीत पावसाळ्यात गोडं पाणी येतं, त्यानंतर कोळंबीची आणि कितीतरी माशांची पिल्लं वाढायला आत येतात. उन्हाळ्यात मोजलं तर पिल्लं दिसणारच नाहीत आणि अहवाल म्हणणार इथं काही विशेष नाही. असा मुद्दा जनसुनावणीत लेखी दिला तर तो उडवून लावणं अवघड जातं.

१३. सरकारनं ऐकलं नाही तर कोर्ट ऐकतं का?

ऐकतं, पण पुरावा असेल तर. मुंबई हायकोर्टानं २००५ मध्ये कांदळवन तोडीला राज्यभर मनाई केली आणि उपग्रहाच्या चित्रांवरनं कांदळवनांचे नकाशे करायला लावले, २०१८ च्या निकालात ती कायम झाली आणि भोवतीचं ५० मीटर क्षेत्र पण राखलं गेलं. आधीचं आणि नंतरचं उपग्रह चित्र शेजारी ठेवलं की "इथं झाडं नव्हतीच" म्हणता येत नाही.

१४. विजयदुर्गसमोर समुद्रात प्रवाळ आहेत ना? मग राज्य सरकार तिथं अभयारण्य का करत नाही?

तुम्ही आंग्रिया बँकबद्दल विचारताय, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखलं जाणारं बुडालेलं पठार. ते विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या वर आत आहे आणि राज्याचा हात २२ किलोमीटरपर्यंतच पोचतो (प्रश्न २), त्यामुळं तिथं केंद्रालाच पाऊल उचलावं लागेल. मालवणचं सागरी अभयारण्य किनाऱ्यालगत होतं म्हणून राज्याला १९८७ मध्ये जाहीर करता आलं, तिथं अडचण वेगळी झाली, स्थानिक मच्छिमारांचा विरोध. त्यांच्याशी आधी बसून बोलणं झालं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं असं मला वाटतं.

१५. समुद्र आम्ल होतोय म्हणजे काय? पाणी आंबट लागणार का?

नाही लागणार. गोटी सोड्यात गॅस भरला की पाण्याला जी आंबूस चव येते ती विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडची. आपण हवेत सोडलेल्या या वायूचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पितो. त्यामुळं पीएच ८.२ च्या आसपास होता तो ८.१ पर्यंत उतरलाय. समुद्र अजून अल्कधर्मीच आहे, पण ही मोजपट्टी अशी आहे की एवढ्या बारीक फरकानं आम्लता पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढते आणि तिसऱ्या-शिंपल्यांना, कालवांना, प्रवाळांना कवच बांधणं जड जातं. हे एकट्या महाराष्ट्राच्या हातात नाही. इथल्या धोरणानं एवढं करता येतं की सांडपाणी, गाळ, जादा मासेमारी हे बाकीचे मार तरी कमी होतील.

१६. पंचगंगेतली घाण खरंच समुद्रापर्यंत जाते का? एवढी धरणं आहेत मधे.

चांगला प्रश्न, कारण सरसकट "सगळं समुद्रात जातं" म्हणणंही बरोबर नाही. अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं कृष्णेवर आहेत आणि गाळ त्यांच्यात अडतो. त्याचाही समुद्राला त्रासच होतो, मुखाशी नवीन गाळ कमी पोचतो आणि किनारा झिजतो. उसाला घातलेल्या युरियातलं नायट्रेट मात्र पाण्यात विरघळलेलं असतं, ते काही वाटेत वापरलं जातं, काही पुढं जातं. रंकाळ्यात, पंचगंगेत जलपर्णी का माजते ते तुम्ही बघितलंय, पाण्यात खत झालं की हिरवं माजतं, मग ते कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. मोठ्या नद्यांच्या मुखाशी समुद्रात हेच घडतं तेव्हा त्या पट्ट्याला मृत क्षेत्र म्हणतात. त्यामुळं माती परीक्षण करून खत घालणारा शिरोळचा शेतकरी हासुद्धा समुद्राच्या धोरणातला माणूस आहे, त्याला कुणी तसं सांगत नाही एवढंच.

१७. कुणाच्याच मालकीचा नसलेल्या खोल समुद्रात कायदा कसला?

आता आहे. खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीसाठीचा करार जून २०२३ मध्ये मंजूर झाला, भारतानं सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो लागू आहे.

तळाच्या खाणकामाचा प्रश्न वेगळा, ते जमैकातल्या आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाकडं आहे. हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरवर भारताला धातूच्या गोट्या शोधायचा हक्क मिळालेला आहे. बटाट्याएवढी गोटी, वाढते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी पेरूसमोरच्या खोल समुद्रात नांगरासारखं अवजार ओढून बघितलं होतं. २०१५ मध्ये परत गेले तर ते चरे तसेच, कालच नांगरल्यासारखे. घाई करू नका असं म्हणणाऱ्या शास्त्रज्ञांच्या हातात हा पुरावा आहे, आणि प्रश्न ६ मधलं तत्त्व इथं लागू नाही तर कुठं लागू?

१८. मसुद्यावर हरकत पाठवली तर कुणी वाचतं का? आणि ती मराठीत चालते का?

पर्यावरण कायद्याखाली नवीन अधिसूचना करायची तर मसुदा आधी प्रसिद्ध करून साधारण ६० दिवस हरकतींसाठी ठेवतात. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा इंग्रजी-हिंदीतच होता, तेव्हा दिल्ली हायकोर्टानं तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्या असं सांगितलं होतं, मराठी त्यात आलीच. मराठीत बिनधास्त पाठवा.

वाचलं जाण्याचं म्हणाल, तर एकच मजकूर हजार जणांनी पुढं ढकललेला असला की तो एक हरकत म्हणून मोजला जाण्याची भीती असते. तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं लिहा. कुठलं गाव, कुठली खाडी, कुठल्या तारखेला, काय दिसलं, सोबत फोटो. मागं एका काकांनी मला हरकत दाखवायला आणली होती, तीन पानं भरून निसर्गाचं महत्त्व. मी विचारलं तुम्ही तिथं जाता का, तर म्हणाले दरवर्षी मे महिन्यात बहिणीकडं जातो, वीस वर्षं झाली, तिच्या दारातली माडाची रांग होती ती आता पाण्यात गेली. मी म्हटलं काका, ती तीन पानं राहू द्या, माड किती होते आणि कुठल्या वर्षी कितवा पडला ते बहिणीला फोन करून विचारा आणि तेवढंच लिहा.